रंजक

खोका उघडला आणि सगळ्यात आधी हाताला लागला तो घोडा. मुठीत मावेल एवढा, हंसाच्या मानेसारखा वळलेला, वर दगड धरायला दोन जबडे. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्याला इथे कोंबडा म्हणतात." मी म्हटलं, "आपल्याकडे घोडा." बाहेर बर्फ होतं, गॅरेजमध्ये एकच हीटर होता आणि टेबलावर गारेच्या बंदुकीचे सुटे भाग मांडलेले होते. अठराव्या शतकातल्या घडणीची बंदूक, पण जोडायची मात्र आम्ही.

मी माकुणसारचा. एकतीस वर्षं केळवे रोडला शटल पकडून बोईसरला उतरलो आणि तारापूर एमआयडीसीत फिटर म्हणून उभा राहिलो. रिटायर झाल्यावर मुलाकडे पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला सहा महिने राहायला गेलो. नोव्हेंबरात झाडं झडली, अंधार साडेचारलाच पडू लागला. बायकोला नातीने गुंतवलं, माझे हात मात्र मांडीवर पडून राहायचे. हे मुलाने पाहिलं असणार. एका शनिवारी पोस्टाने तो लांबलचक खोका आला.

"हे कायद्यात बसतं ना?" हा माझा पहिला प्रश्न. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय अशी वस्तू करणं हाच गुन्हा. मुलाने सगळं तपासलं होतं. अमेरिकेच्या 1968च्या कायद्यात जुन्या पद्धतीने पेटणाऱ्या, तोंडातून भरायच्या बंदुकीची नक्कलही पुराणवस्तूच धरतात. राज्याराज्यांत नियम थोडे वेगळे, पण तिथे ती सुट्या भागांत घरपोच येते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लहानपणी बघितलेली एकच बंदूक आली. ओळखीच्या एका घरात भिंतीवर टांगलेली, डुकरं हाकायला परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ पट्टा तेवढा दिसायचा. ती उडताना मी कधी ऐकली नाही.

लँकेस्टर हे या कामाचं माहेरघर. जर्मन आणि स्विस मुलखांतून आलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात इथेच लांब नळीची रायफल घडवली. त्यांच्या गावाकडची बंदूक आखूड आणि जाड होती. इथल्या जंगलात शिसं महाग, दारू महाग, म्हणून त्यांनी भोक बारीक केलं आणि नळी लांबवली. आमची नळी बेचाळीस इंचांची, बाहेरून आठ पैलूंची, आतून आटे पाडलेली. दस्ता मेपलचा, वाघाच्या अंगावर असतात तशा आडव्या पट्ट्यांचा. खोक्यात हे सगळं "जवळजवळ तयार" असतं. त्या "जवळजवळ"मध्येच आमचा सगळा हिवाळा गेला.

लाकडात लोखंड बसवायचं म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी कळलं. नळीच्या मागच्या टोकाची लोखंडी शेपटी लाकडात रुतवायची होती. मुलगा हातोडी शोधत होता. मी मेणबत्ती पेटवली, लोखंड ज्योतीवर धरलं, काजळी धरू दिली, मग ते लाकडावर हलक्या हाताने टेकवून उचललं. लाकडावर दोन काळे ठिपके उमटले. तेवढेच पटाशीने खरवडले. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणं, पुन्हा खरवडणं. मुलगा चकित झाला. पुस्तिकेत हीच रीत दिली होती, पण मी पुस्तिका उघडलीच नव्हती. टूलरूममध्ये आम्ही हेच निळ्या रंगाने करायचो. प्रशियन ब्ल्यू बोटाने लावायचा, एक भाग दुसऱ्यावर फिरवायचा आणि जिथे रंग उतरेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने काढायचा. एका शेपटीला आम्हाला अडीच दिवस लागले. शेवटी लोखंडाच्या कडेने नखसुद्धा आत जाईना. त्या रात्री मुलाने ते लाकूड कितीदा तरी हातात घेऊन बघितलं. लहानपणी माझ्या कामावर त्याला कधी नेता आलं नव्हतं. माझं काम त्याने पहिल्यांदा पाहिलं ते इथे, एवढ्या दूर.

काम करता करता मी एकेका भागाचं मराठी नाव सांगू लागलो. हा घोडा. हा चाप. हा दस्ता. नळीखालचा हा गज. नळीच्या कुशीतलं हे बारीक छिद्र म्हणजे कान, आणि कानाबाहेरच्या ह्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. इथे मुलगा थांबला. "रंजक म्हणजे इंटरेस्टिंग ना?" तोही रंजकच, पण हा वेगळा. 1857 साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा रंजक आहे. त्या वेळी तो लोकांच्या रोजच्या कामाचा शब्द होता. आता आपण गोष्टीला रंजक म्हणतो आणि वाटीतली दारू विसरून गेलो.

मग मला वेडच लागलं. आपण ठासून सांगतो. एखाद्याच्या धमकीला फुसका बार म्हणतो. सीमेवर चकमक झडते. मुलीच्या लग्नाचा बार एकदाचा उडवून देतो. आपल्या हातातून बंदूक केव्हाच गेली, पण तोंडात ती भरलेलीच राहिली. चकमक हा शब्द तर तुर्की मुलखातून चालत आला. मुळात तो गार आणि पोलाद एकमेकांवर आपटून आग काढण्याचा. आपण तो लढाईला दिला आणि तो तिथेच राहिला. मुलगा म्हणाला, इंग्रजीतही वाटीतली दारू नुसती भुरकन जळून जाते त्यावरून फुसक्या बारासारखाच वाक्प्रचार आहे. म्हणजे त्या कारागिरांची पोरं आणि आपली पोरं, दोघंही एकाच वस्तूचे शब्द न कळता वापरतात.

चापाची पेटी जोडायला घेतली तेव्हा मी खरा रमलो. पोलादी पट्टीवर एक मोठी स्प्रिंग, घोड्याला आतून धरणारा एक गोलसर तुकडा, त्याला दोन खाचा आणि त्या खाचांत अडकणारी एक खिटी. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढतो, तिथून तो सुटत नाही. दुसऱ्या खाचेत पूर्ण चढतो. चाप ओढला की खिटी खाचेतून निसटते, घोडा झेप घेतो, त्याच्या जबड्यातली गार समोरच्या उभ्या पोलादी पानावर घासत खाली येते, पान पुढे उलटतं, वाटी उघडी पडते आणि ठिणग्यांचा सडा रंजकावर पडतो. एकाच हालचालीत घासणं, उघडणं आणि पेटवणं. साधारण 1610च्या सुमारास फ्रान्समध्ये मारां ल बुर्जवा नावाच्या कारागिराच्या हातून ही रचना आकाराला आली, असं मानतात. पुढे दोनशेहून जास्त वर्षं जगातल्या फौजा हिच्यावर लढल्या. एकतीस वर्षं मशीन बघितलेल्या माणसाने हात जोडावेत अशी ही गोष्ट.

पहिल्यांदा घोडा सोडला तर ठिणग्या पडेनात. पान मऊ राहिलं होतं. त्याला पुन्हा पाणी द्यावं लागलं, लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करून. मग मात्र ठिणग्या धो धो पडल्या. त्या दिवशी माझी एक जुनी समजूत मोडली. लहानपणी आम्ही केळवे रोडच्या रुळांजवळच्या खडीतून पांढऱ्या गारगोट्या वेचायचो आणि अंधारात एकमेकींवर घासायचो. आत फिकट उजेड दिसायचा. आग दगडात असते, असं मी पुढे माझ्या मुलालाही शिकवलं. ते चूक होतं. तो उजेड दगडाचा असतो, पण तो थंड असतो. गारेची धार पोलादाची बारीकशी साल काढते, ती साल इतकी तापलेली असते की हवा लागताच जळते, आणि त्या जळत्या सालीलाच आपण ठिणगी म्हणतो. ग्राइंडरवर आयुष्यभर ठिणग्या बघूनही हे मला सुचलं नव्हतं. आग पोलादाची. प्रत्येक वेळी ते तेवढंसं झिजतं.

शेवटचं काम गंजाचं. ह्यावर माझा जीव अडला. माकुणसारला खाऱ्या वाऱ्यापुढे काही टिकत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, छपराचे पत्रे, सगळ्यांना आम्ही दर वर्षी रंग देतो, तेल लावतो. आणि इथे चकचकीत नळीवर मुद्दाम गंज चढवायचा होता. द्रावण लावायचं, ओलसर खोलीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वर आलेला लाल भुगा खरबरीत फडक्याने घासून काढायचा, पुन्हा द्रावण लावायचं. पाच-सहा दिवसांनी नळीवर एकसारखा गडद तपकिरी थर बसला. मग सोड्याच्या पाण्याने तो थांबवला आणि तेल दिलं. वेळेवर थांबवलेला गंजच लोखंडाला पुढच्या गंजापासून सांभाळतो. दस्त्यावरही लोखंडच काम करत होतं. लोखंड विरघळवलेलं अ‍ॅसिडचं पाणी लाकडावर फिरवलं आणि ऊब दिली, तसे ते पट्टे हिरवट झाले आणि बघता बघता चिंचोक्यासारखे लालसर उजळले. वर जवसाचं तेल चोळलं.

त्या ओल्या खोलीत बसलो असताना मला केळव्याचा पाणकोट आठवे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला तो पाण्यात उभा असतो. 1739च्या जानेवारीत मराठी फौजा ह्याच किनाऱ्यावर होत्या. माहीम, केळवे, तारापूर असे पोर्तुगिजांचे कोट एकामागून एक घेत त्या मे महिन्यात वसईवर विजयी झाल्या. तारापूरला सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले आणि बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. तेव्हा आपल्या फौजांतल्या बंदूकवाल्यांपैकी बहुतेकांच्या हाती तोड्याची बंदूक होती. सोऱ्यात भिजवलेली वात सतत जळती ठेवायची, तिचा विस्तव वाऱ्यापावसापासून जपायचा, आणि अंधारात ती लाल टिकली शत्रूला दिसणार हे धरूनच चालायचं. आमच्या टेबलावरच्या ह्या पेटीने तो विस्तव थंड करून पोलादात लपवला होता. त्या आईला पोचलेलं पत्र आणि माझ्या हातातल्या ह्या घोड्याचा घाट एकाच शतकातले आहेत, ह्या विचाराने एका रात्री मी घोडा हळूच खाली ठेवला.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिथे नाताळानंतर हरणांच्या शिकारीला अशा बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे शिकवणारी माणसं होती. आम्हाला कोणाला मारायचं नव्हतं, कागदाला एक भोक पाडायचं होतं. मुलाने दारू मापून नळीत ओतली. तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी ठेवली आणि गजाने खाली ढकलली. शिकवणाऱ्याने गजावरची खूण दाखवली. खूण नळीच्या तोंडाशी आलीच पाहिजे, गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. ठासणं म्हणजे हे. मी आयुष्यभर ठासून सांगणं म्हणजे आवाज चढवून सांगणं समजत होतो. खरं तर मध्ये पोकळी न ठेवणं एवढाच त्याचा अर्थ.

मुलाने वाटीत रंजक टाकलं, घोडा चढवला, नेम धरला. भुर्रकन पांढरा धूर उडाला आणि बस. नळी गप्प. फुसका बार! आम्ही दोघं एकदमच म्हणालो. वाटी काठोकाठ भरली होती, कान दारूखाली बुजला होता आणि आतून चोंदलाही होता. मी तारेने कान कोरून काढला. दुसऱ्या वेळी रंजक कमी घेतलं, कानाच्या खालीच ठेवलं. घोड्याची टक, रंजकाची भुस्स आणि मग छातीत घुमलेला बार. टक, भुस्स, धडाम. तीन आवाज वेगवेगळे कानात राहिले. कागदावर भोक होतं, नेमापासून वीतभर डावीकडे. मुलगा वळला, तोंडावर काजळी. सहा वर्षांचा असताना दिवाळीत दिसायचा तसा.

बंदूक तिथेच राहिली, त्याच्या भिंतीवर. मी मे महिन्यात, पावसाआधी माकुणसारला परतलो. खिडकीच्या गजांना गंज धरला होता, त्यांना घासून रंग दिला. एका संध्याकाळी लाइट गेली. शेजारचा पोरगा अंगणात दोन गारगोट्या घेऊन घासत बसला होता. "आजोबा, बघा, आत आग आहे." मी म्हटलं, आग नाही रे, नुसता उजेड आहे. आग पाहिजे तर थांब. आत जाऊन माझ्या पेटीतली मोडलेली कानस आणली. तिच्या कडेवर गारगोटीची धार जोरात ओढली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा एक ठिणगी उडाली, नारिंगी, सरळ खाली, अंगणातल्या ओल्या मातीत. पोराने टाळी वाजवली आणि दगड हातात घेऊन निरखू लागला. मी कानस अंधारात बोटाने चाचपली. जिथून ठिणगी गेली होती तिथे एक दात थोडा बोथट लागला.