चिकटतं, पण कशाला?

डीएनए म्हणजे माहिती, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. चार अक्षरं, दोन धागे, आणि पेशीनं काय करायचं ते त्यात लिहिलेलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शिकायला म्हणून गेले तेव्हा मॅडमनी जी नळी हातात दिली, तिच्यातल्या डीएनएत मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळे एकेरी धागे. दोन्ही टोकांना ठरलेले तुकडे आणि मधली ४० अक्षरं यंत्रानं वाटेल तशी जोडलेली. अशा ४० अक्षरांच्या सगळ्या शक्य जुळण्या मोजायच्या तर एकावर चोवीस शून्यं द्यावी लागतात. नळीत त्यातल्या एकावर चौदा शून्यं, एवढ्याच मावतात.

"यातले थोडे धागे आपल्या जिवाणूला चिकटतील," मॅडम म्हणाल्या.

"कोणते?"

"तेच तर शोधायचंय."

एकेरी धागा सरळ राहत नाही. ९५ अंशांपर्यंत तापवून थंड केला की तो स्वतःभोवतीच वळतो, गाठी आणि खाचा तयार होतात. एखाद्या धाग्याचा आकार समोरच्या पृष्ठभागावर नेमका बसतो आणि तो तिथेच धरून राहतो. अशा धाग्याला अ‍ॅप्टामर म्हणतात. कोलोरॅडोत क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड, तर बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी १९९० साली स्वतंत्रपणे ही निवडीची रीत मांडली. तेव्हा आरएनए वापरला होता, डीएनएवर ती लवकरच आली.

आमचा जिवाणू रोझबुरिया इंटेस्टिनॅलिस. मोठ्या आतड्यात राहतो, आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय अन्नावर जगतो आणि ब्युटिरेट तयार करतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या रुग्णांमध्ये ब्युटिरेट करणारे जिवाणू बरेचदा कमी झालेले आढळतात, म्हणून ते आहेत की नाहीत हे पटकन कळण्याला मोल आहे. पण याला प्राणवायू सोसत नाही. बंद पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून काम करायचं. माध्यमात रेझाझुरिन नावाचा रंग असतो. ते गुलाबी दिसलं तर प्राणवायू शिरलाय, बिनरंगी झालं तरच पुढे जायचं. पहिले काही दिवस मी त्या गुलाबी रंगाकडेच बघत असायचे.

खरा गोंधळ निवडीत उडाला. जिवाणू आणि धागे एकत्र ठेवायचे, मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. चिकटलेले धागे जिवाणूंबरोबर तळाशी बसतात, म्हणून गाळ ठेवायचा आणि वरचं पाणी टाकायचं. गाळ धुऊन, तापवून धागे सोडवायचे, पीसीआरनं त्यांच्या प्रती वाढवायच्या, पुन्हा एकेरी करायच्या, पुन्हा तेच. मधल्या काही फेऱ्यांत मात्र दुसरेच जिवाणू घ्यायचे, उदाहरणार्थ ई. कोलाय. तिथे गाळ टाकायचा आणि पाणी जपायचं, कारण कुणालाही चिकटणारे धागे आपल्याला नकोत. बरोबरची सीनियर ताई नळ्यांवर आधीच 'गाळ' आणि 'पाणी' लिहून ठेवायची. मीही तेच करू लागले.

शिवाय डीएनएवर ऋण भार, जिवाणूच्या पृष्ठभागावरही बहुतेक ऋणच. मग ही दोन एकमेकांना ढकलत कशी नाहीत? द्रावणात मॅग्नेशियम असतं, ते मध्ये पडून हा दुरावा कमी करतं. एवढ्याशा मिठावर सगळा डोलारा उभा आहे हे कळल्यावर मी ते फार जपून तोलायला लागले.

पुढे धाग्यांना चमकणारा रंग जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. किंचित वाकलेल्या कांड्या लाल उजळलेल्या, ई. कोलाय तसेच अंधारात. मी लगेच विचारलं, "मॅडम, हे नेमकं कशाला चिकटलंय?"

"माहीत नाही."

आख्खी पेशी घेऊन निवड केली की तिच्या अंगावरचा कोणता रेणू धरला गेला हे आपोआप कळत नाही. ओळख पटते, कशावरून पटली ते गुलदस्त्यात. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या गटानं २०२२ मध्ये याच जिवाणूसाठी एक धागा न निवडता धाग्यांचा संपूर्ण संचच वापरला, आणि इतर जिवाणूंच्या मिश्रणात, माणसाच्या विष्ठेच्या नमुन्यांतही तो ओळखून दाखवला. सर्वांत चांगला एकच निवडायचा, हे मी धरून चालले होते. पण पृष्ठभागावरच्या अनेक जागा एकाच वेळी धरल्या तर एखादी जागा नाहीशी झाली तरी काम चालतं, हा विचार मला पटला.

प्रतिपिंडांसाठी सहसा प्राणी लागतात, हे धागे यंत्रात बनतात. जनुकवाचनाला लागणारा वेळही इथे वाचेल. तरी विष्ठेत डीएनए कुरतडणारी विकरं असतात, त्यामुळे नळीतलं यश म्हणजे दवाखान्यातली चाचणी, असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही.

माझा प्रश्न मात्र अजून तोच आहे. जिवाणूचं अन्न बदललं की त्याचं पृष्ठावरणही बदलू शकतं. मग भाकरी-भाजी खाणाऱ्याच्या आतड्यातला रोझबुरिया आणि आमच्या बाटलीत ग्लुकोजवर पोसलेला, दोघांना हे धागे सारखंच धरतील का? मॅडमनी ते करून बघायला होकार दिलाय. एका बाटलीत ग्लुकोज, दुसरीत धान्याच्या कोंड्यात असतं ते झायलन, आणि दोन्हींत तेच धागे.