सिंदखेडराजा ते सिंधुदुर्ग

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा, हे नक्की. धाकट्याला बाली हवं आहे. माझं मन मालवणकडे ओढतंय. आम्ही बुलढाण्याची माणसं. खारं पाणी आम्हाला ठाऊक ते लोणारच्या सरोवराचं. पण जिजाऊ आमच्या सिंदखेडराजाच्या, आणि त्यांच्या शिवबांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चहूकडे समुद्र, आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर किनारा खुला आणि गावोगावी दशावतारही रंगू लागतात. म्हणून आधी लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचं जन्मस्थान पाहायचं, मगच कोकणाची वाट धरायची. बाली पुढे कधीही होईल. मुलांनी पहिला समुद्र आपल्याच इतिहासाचा पाहावा.