सैल गाठ

सकाळी टाकीचे दिवे लागले आणि पाहतो तर कोरल जागेवर नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा. टॉर्च घेऊन शोधलं, तेव्हा ते खडकामागे पंपाच्या जाळीला डोकं टेकून उलटं पडलेलं सापडलं.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. एका हौशी मित्राने त्याच्याकडच्या लेदर कोरलचा तुकडा कापून दिला होता. शास्त्रीय नाव सार्कोफायटन. रूप मात्र थेट पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्रीचं. जाड देठ, वर घड्या पडलेली टोपी, टोपीभर बारीक पॉलिप आणि प्रत्येक पॉलिपला आठ इवले हात. तुकडा अंगठ्याएवढा. “खडकाला चिकटव,” एवढंच तो म्हणाला.

कडक कोरलचं सोपं असतं. त्याला चुन्याचा सांगाडा असतो. सुपरग्लू जेलचा थेंब लावा, दाबून धरा, झालं. लेदरला तसा सांगाडाच नाही. मांसात चुन्याचे बारीक कण विखुरलेले, बाकी ताठपणा आत भरलेल्या पाण्याचा. शिवाय अंगाला कायम बुळबुळीत चिकटा. मी देठ टिपून गोंद लावायचो, तो पाण्यात लगेच घट्टही व्हायचा. पण त्याने पकडलेला असायचा तो चिकटा. रात्रीतून चिकटा सुटला की गोंद खडकावर आणि साहेब पंपाकडे.

मग रबरबँड घेतला. देठावरून दोन वेढे, दगडाभोवती चांगला आवळून. दोन दिवस कोरल हललं नाही. तिसऱ्या दिवशी देठ आकसलेला, रबर मांसात रुतलेलं आणि कडेला राखाडी वळ. आणखी दोन दिवस गेले असते तर देठाचे दोन तुकडे झाले असते.

आई तेव्हा सांगलीहून आलेली होती. तिने काचेला नाक लावून पाहिलं. “अरे, गळा आवळलायस की त्याचा! तोंडलीचा वेल बांधताना कधी बघितलं नाहीस? जुन्या लुगड्याची पट्टी घ्यायची, मध्ये बोट जाईल अशी गाठ मारायची. धरायचं काम वेल करतो. आपण नुसतं पडू द्यायचं नाही.”

रबर कापून काढलं. लग्नात मिळालेली सुकामेव्याची पांढरी जाळीदार पुरचुंडी कपाटात होती. तिची जरीची कड आधी कापली, कारण टाकीत धातू नको. आरओच्या पाण्यात जाळी धुतली. उथळ प्लास्टिकच्या डबीत सच्छिद्र दगडांचा चुरा पसरला, देठाचा कापलेला भाग त्यात टेकवला, वरून जाळी सैल पांघरली. रबरबँड लावला तो डबीच्या काठाला. डबी कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवली. पाणी अगदीच थांबूनही चालत नाही. चिकटा साचतो आणि खालून कुजायला लागतं.

पाचव्या दिवशी टोपी मिटली आणि तिच्यावर मेणासारखा चकचकीत थर चढला. मेलं, असंच वाटलं. मित्राला फोन केला, तर तो हसला. “कात टाकतंय. हात लावू नकोस, कार्बन मात्र बदल.” लेदर कोरल पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात, शेजारच्या कोरलांना ती बाधतात; फिल्टरमधला कार्बन ती शोषून घेतो. नवव्या दिवशी तो थर पापुद्र्यासारखा सुटला आणि जाळीच्या भोकांतून पॉलिप बाहेर डोकावले.

सतराव्या दिवशी जाळी काढली. देठाला चिमटीत धरून जरासं उचललं, तर त्याच्यासोबत दोन खडेही वर आले. त्या खड्यांना खालून गोंद लावला आणि ते खडकावर दाबले. गोंद तोच, पण आता तो दगडाला लागत होता.

आई गावी परतली. परवा व्हिडिओ कॉलवर तिने तोंडलीचा मांडव दाखवला, मी टाकी दाखवली. टोपी आता बशीएवढी झाली आहे.

“वळ गेला का रे?” तिने विचारलं.

मी फोन काचेजवळ नेला. देठाच्या मध्यावर अजून दिसतो तो, घट्ट अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा.