मारतहळ्ळीच्या अंगणात लाकडी ओटा

मारतहळ्ळी हे नाव ऐकलं की पहिल्यांदा येणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, हे मराठ्यांचंच गाव असणार! कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं, एवढं खरं. पण इथले लोक नावाचा संबंध जोडतात तो विमानाशी. शेजारच्या एचएएलमध्ये घडलेलं 'मारुत' हे लढाऊ विमान 1961 साली पहिल्यांदा उडालं. त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

आज आउटर रिंग रोडच्या पुलापाशी उभं राहिलं तर खेडं शोधून सापडत नाही. आयटी कंपन्या, पीजी, कपड्यांची दुकानं आणि हॉर्न. आतल्या गल्ल्यांत शिरलं की मात्र जुनी बैठी घरं दिसतात आणि काहींच्या मागे दहा-बारा फुटांचं अंगण अजून उरलेलं असतं.

या अंगणात बहुतेक जण सिमेंट ओतून फरशी घालतात. चिखलाची कटकट जाते, पण पाणी मुरायची जागाही जाते. सप्टेंबर 2022 मध्ये याच परिसरात घरांत पाणी शिरलं, लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरची वाट पाहावी लागली. पाऊस तोच, शहरही तेच. मुरायला माती उरली नाही, हे दोन्हींमागचं एक मोठं कारण.

म्हणून लाकडी ओटा, म्हणजेच डेक. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली मातीत जातं, आपले पाय कोरडे राहतात.

असा बांधा

10 बाय 6 फुटांचा ओटा दोघांना दोन-तीन सुट्ट्यांत जमतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने उत्तम.

• गवत काढून जमीन चोपा. घरापासून बाहेर हलका उतार ठेवा आणि दोन इंच खडी पसरा. खाली पाणी साचलं तर डास होतात.

• खडीवर चार इंच उंचीचे काँक्रीट ब्लॉक ठेवा. लाकूड मातीला टेकलं की वाळवी आलीच.

• 3 बाय 2 इंचाचे नऊ वासे 15 इंचांच्या अंतराने उभ्या कडेवर मांडा. प्रत्येकाखाली तीन ब्लॉक, म्हणजे एकूण 27.

• वर चार इंच रुंद, एक इंच जाड अशा सतरा फळ्या. दोन फळ्यांत पाच मिलिमीटर फट हवीच, कारण पावसात लाकूड फुगतं.

• स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, सुमारे 300 लागतील. आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर फळी चिरते.

नवं सागवान महाग पडतं. जुन्या पाडलेल्या घरांचं सागवान चौकशी केल्यास मिळतं. आतले खिळे तेवढे काढून घ्या. दरवर्षी पावसाआधी लाकडाला तेलाचा हात द्या.

घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारा. हा ओटा जमिनीत रोवलेला नसतो, त्यामुळे घर बदलताना स्क्रू काढून सोबत नेता येतो.

बसायला जागा

सोलापूर-नागपूरहून महिना-दोन महिने राहायला आलेल्या आईबाबांचा इथे एकच प्रश्न असतो, "बसायचं कुठे?" मुलं कामावर, नातवंडं शाळेत आणि बाहेर ट्रॅफिक. आठ इंच उंचीच्या या ओट्यावर पाय सोडून बसता येतं, शेंगा सोलता येतात, पापड वाळवता येतात. आपल्याकडे जो कट्टा, तीच कन्नडमधली 'कट्टे'. त्यामुळे शेजारच्या आजींना बोलवायला भाषा अडत नाही. त्या कुंपणापलीकडून विचारतील, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का? मान डोलवा आणि ओट्यावर थोडं सरकून जागा करा.