लंगडी टिकटिक

आमच्या इंदूरच्या घरातील लंबकाचे घड्याळ भिंतीवर किंचित तिरके टांगलेले असे. १९७९ साली, अभियांत्रिकीची पदवी नुकतीच पदरात पडली असताना, दिवाळीच्या रंगसफेदीनंतर मी ते ओळंबा लावून सरळ टांगले. नानांनी क्षणभर कान दिला व म्हणाले, "लंगडतंय रे." मी हसलो. रात्री पावणेदोनला घड्याळ थांबले, नानांची पहाटेची गाडी चुकली आणि आत्याच्या वर्षश्राद्धाला त्यांना पोहोचता आले नाही. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. घड्याळाचे बूड बोटभर डावीकडे सरकवून त्यांनी लंबकाला झोका दिला, एवढेच.

पुढे तीस वर्षे माझा उदरनिर्वाह वेगळ्याच घड्याळांवर झाला. ती वेळ दाखवीत नाहीत. संगणकाच्या आणि बिनतारी यंत्रांच्या मंडलांना ताल देतात. त्या तालाचे मूळ क्वार्ट्झच्या स्फटिकात. स्फटिक जितका पातळ तितकी त्याची कंपने जलद. पण ५० मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या स्फटिकाची चकतीच मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढी असते, ती आणखी किती घासावी? म्हणून २ गिगाहर्ट्झ हवे असतील, तर 'फेज-लॉक्ड लूप' नावाचे मंडल ती कंपने चाळीसपट करते. गुणाकार मात्र आंधळा असतो. ठोक्याशी ठोका ताडून पाहणाऱ्या भागाची कुरकुरही त्यासरशी वाढते आणि ठोके जागच्या जागी थरथरू लागतात. या थरथरीलाच 'जिटर' म्हणतात.

यावर उपाय असा, की मूळ कंपनेच आधी दुप्पट करावीत. मग पुढे वीसपटच वाढवावे लागते आणि त्या कुरकुरीची शक्ती सुमारे निम्म्यावर येते. (स्फटिकाचा स्वतःचा दोष तेवढा तसाच राहतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!) दुपटीची युक्तीही साधी: लहरीच्या चढत्या कडेबरोबर उतरत्या कडेचाही ठोका धरायचा.

मी तसे मंडल बांधले. पडद्यावर मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना, ५० मेगाहर्ट्झच्या अंतरावर, दोन आगंतुक रेषा उभ्या! तीन आठवडे मी वीजपुरवठा बदलून पाहिला, तारांना कवच चढवले, व्यर्थ. अखेर एका संध्याकाळी ठोक्यांमधील अंतरेच मोजली. १०.२ नॅनोसेकंद, मग ९.८, पुन्हा १०.२, पुन्हा ९.८. टिक लांब, टॉक आखूड. लंगडत होते. नाना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

लहर ज्या पातळीला ओलांडते तेथे ठोका धरला जातो. ती पातळी मध्यापासून जराशी ढळली होती, म्हणून लहरीचे दोन अर्धे असमान झाले होते. मी बारीक पेचकसाने ती केसभर सरकवली. दोन्ही रेषा हळूहळू खाली बसत गेल्या. पुरत्या नाहीशा झाल्या नाहीत. हवा तापली की पुन्हा डोके वर काढीत.

नानांचे घड्याळ अजून त्याच भिंतीवर, तसेच तिरके आहे. एखादा पाहुणा ते सरळ करावयास उठला, की मी हातातला चहा तसाच ठेवून आधी त्याला अडवतो.