आमची टाकी कधी भरलीच नाही!

मित्रांनो, विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे. मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, मैत्री, आई यांच्यावर दरवर्षी भरपूर लिहिलं जातं. सेप्टिक टँकवर मात्र कोणी लिहीत नाही. हॉस्टेलमध्ये सकाळी सात वाजता आपलं सगळ्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते तिच्यावरच! म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं.

आमचं घर भूमचं. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. खव्यासाठी ओळखलं जाणारं आणि पाण्यासाठी आभाळाकडे बघणारं. घर १९९८ साली बांधलेलं, टाकीही तेव्हाचीच. त्या टाकीचं आमच्याकडे भारी कौतुक. "पंचवीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही," असं पप्पा पाहुण्यांना सांगायचे. गल्लीत कोणाची टाकी तुंबली की आमच्या जुन्या मिस्त्रीची आठवण निघायची.

२०२४ च्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले. शेजारच्या काकूंच्या दोन्ही मुलांची पोटं महिनाभर बिघडलेली. आशाताईंनी त्यांना पाणी तपासायची छोटी बाटली दिली. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. काकूंच्या बोअरचं पाणी दुसऱ्याच दिवशी काळं झालं. आणि त्यांचा बोअर आमच्या टाकीपासून जेमतेम तीस फुटांवर!

काकू भांडल्या नाहीत. ती बाटली त्यांनी आमच्या ओट्यावर आणून ठेवली, एवढंच. पप्पा म्हणाले, "वहिनी, आमची टाकी तर कधी भरतच नाही. ती कशी गळेल?"

खरी गोम इथेच आहे. सेप्टिक टँक ही भरलेलीच असायला हवी. जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी दुसऱ्या तोंडाच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. जेवढं पाणी आत येतं, तेवढंच बाहेर पडायला हवं. घरात सहा माणसं, रोज इतकं पाणी आत जातं आणि बाहेरचा पाइप मात्र कोरडा! मग ते पाणी जातं कुठे? मिस्त्रीने तळाला काँक्रीट न घालता मुरूम तसाच ठेवला होता. पुष्कळ ठिकाणी असंच करतात, टाकी लवकर भरू नये म्हणून. पण आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण, आणि त्याला भेगा. रेतीतून पाणी झिरपताना थोडंफार गाळलं जातं. भेगेतून ते सरळ धावतं. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर लांब हवा असं आपलं भारतीय मानक सांगतं. आमची तर टाकीच शोषखड्डा झालेली, आणि अंतर त्याच्या निम्म्याने.

हे घरी समजावताना माझी पंचाईत झाली. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'सीवेज', 'वेस्ट' असे धुतलेले शब्द तोंडात. आजी म्हणाली, "मैला म्हण की! लाजायचं काय त्यात?" मैला म्हटलं, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. तो उपसणार कोण?

मिस्त्री आला. म्हणाला, "मालक, नवी टाकी कशाला? गाडीने उपसून घ्या. मग एक माणूस खाली उतरवतो, खरडून काढतो, तळाला काँक्रीट आणि भिंतींना प्लॅस्टर. दोन दिवसांचं काम." खर्च नव्या टाकीच्या मानाने अगदीच कमी.

उपसलेली टाकी रिकामी दिसते, पण तळाचा गाळ राहतोच. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकी साफ करायला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. हे सगळं मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पण तो माणूस तयार आहे ना?"

आजी दारातूनच बोलली, "त्याच्या जागी आपलं पोरगं असतं तर उतरवलं असतंस का रं?"

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीला नव्या टाकीचा हिशोब मागितला.

नवी टाकी घराच्या दुसऱ्या बाजूला, बोअरपासून लांब बांधली. तळाला आरसीसी, आत दोन कप्पे, दोन्हींवर झाकणं. वापरण्याआधी पाणी भरून कोळशाने रेघ मारली आणि २४ तास थांबलो. रेघ हलली नाही. जुनी टाकी गाडीने उपसली, वरूनच चुना टाकला आणि दगड-मुरमाने बुजवली. आत कोणीही उतरलं नाही. काकूंच्या बोअरमध्ये टीसीएल टाकलं, तरी जूनमध्ये बाटली पुन्हा काळी पडली. मुरलेली घाण एका दिवसात जात नाही. दोन पावसाळी महिने त्यांनी पाणी उकळूनच प्यायलं. सप्टेंबरमध्ये मात्र बाटली स्वच्छ राहिली.

जहाजांवरही मैल्याची टाकी असते. २००३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच सोडता येतो. तोवर टाकी सांभाळायची. जहाजावर टाकी गळली तर वासाने सगळ्यांना लगेच कळतं. जमीन मात्र मुकाट्याने गिळते, आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून परत देते.

आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली आलं, स्वच्छ भारत २०१४ साली. घरोघरी शौचालयं झाली, ही मोठीच गोष्ट. पण शौचालय आहे का, एवढंच विचारलं गेलं. टाकीला तळ आहे का, हे कोणी विचारलं?

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की एक प्रश्न विचारा. टाकी शेवटची कधी उपसली? "कधीच नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर बाहेरचा पाइप ओला आहे का ते बघा. आणि दुरुस्ती निघालीच, तर आत कोण उतरणार, हे खर्च विचारण्याआधी विचारा.