मॅक्लॅरेन्सचा पत्ता

न्यूयॉर्कमध्ये ‘हाऊ आय मेट युवर मदर’ शोधायला निघालात, तर पहिला धक्का हा बसतो की ती इथे शूट झालीच नाही! टेड, रॉबिन, बार्नी, मार्शल आणि लिली ज्या मॅक्लॅरेन्स पबमध्ये २००५ ते २०१४ अशी नऊ वर्षं ठाण मांडून बसले, त्याचा सेट होता लॉस एंजेलिसच्या फॉक्स स्टुडिओत. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. तरी लोक शोधतात. आम्हीही शोधला.

२०१९ मधला एक शनिवार. ऑनसाइट आलेली आम्ही पाच मराठी टाळकी तेव्हा जर्सी सिटीत एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. पैकी एक जण सोमवारी सिअॅटलच्या प्रोजेक्टवर निघाली होती. तिचीच फर्माईश. पाथ ट्रेनने ३३व्या रस्त्यावर उतरलो आणि ब्रॉडवेने सरळ वर चालत सुटलो. टाइम्स स्क्वेअरची गर्दी कशीबशी पार केली, की ५३ आणि ५४ नंबरच्या रस्त्यांमध्ये एड सलिव्हन थिएटर लागतं. डेव्हिड लेटरमनचा शो इथूनच व्हायचा. कार्टर बेज आणि क्रेग थॉमस हे दोघं मित्र त्यासाठी लिहायचे, आणि काम संपलं की ५५व्या रस्त्यावरच्या मॅकगीज पबमध्ये जाऊन बसायचे. पुढे स्वतःच्याच कंपूवर त्यांनी मालिका रचली. मॅक्लॅरेन्स जन्मला तो असा.

मॅकगीजमध्ये लाकडी बार, मंद दिवे, टीव्हीवर मॅच. आम्ही टेबल पकडलं आणि पाच मिनिटांत भांडायला लागलो. विषय अर्थातच शेवट. (अजून पाहिला नसेल तर पुढचा पॅरा सोडा!)

३१ मार्च २०१४ला शेवटचा भाग आला. जिच्यासाठी नऊ सीझन थांबलो ती ‘मदर’, ट्रेसी, आजारी पडून गेलेली. बार्नी-रॉबिनचं लग्न जमवायला अख्खा नववा सीझन खर्ची घातला आणि फिनालेत तासाभरातच घटस्फोट. टेड पुन्हा रॉबिनच्या खिडकीखाली, हातात तोच निळा फ्रेंच हॉर्न. प्रेक्षक इतके भडकले की डीव्हीडीवर पर्यायी शेवट द्यावा लागला, त्यात ट्रेसी जिवंत आहे. खरी गोम मात्र वेगळी. टेडची मुलं झालेले कलाकार मोठे दिसायला लागतील म्हणून त्यांचा शेवटचा सीन २००६ मध्येच शूट करून ठेवला होता. पात्रं पुढची आठ वर्षं बदलत राहिली, शेवट डब्यात तसाच.

आमच्यातले दोघं म्हणे, ‘आयुष्य असंच असतं, यार.’ असेल! पण क्रिस्टिन मिलिओटीसारखी गोड ट्रेसी दाखवायची आणि झटक्यात काढून घ्यायची, ही सरळसरळ फसवणूक आहे. माझं मत आजही तेच.

सिअॅटलवाली मात्र म्हणाली, ‘मला हॉर्नचं काही वाटलं नाही. मला तो रिकामा फ्लॅट बघवला नाही.’ आठवतोय ना? गच्चीवर हॅलोवीन पार्टी रंगलीय आणि खाली सामान हलवलेल्या फ्लॅटमध्ये रॉबिन लिलीला सांगतेय की आपला कंपू आता उरलेला नाही. लिली पांढऱ्या देवमाशाच्या वेशात उभी राहून रडते. भांडण तिथेच थांबलं. कुणीतरी बिल मागवलं.

मालिकेत टेडचं घर अपर वेस्ट साइडला, ७५वा रस्ता आणि अॅमस्टरडॅम अॅव्हेन्यूच्या आसपास दाखवलंय. आलोच आहोत तर तिथेही जाऊ, म्हणून कोलंबस सर्कलवरून, लिंकन सेंटर ओलांडून चालत राहिलो. ७२व्या रस्त्यापाशी ब्रॉडवे आणि अॅमस्टरडॅम एकमेकांना छेदतात, तिथून तीन ब्लॉक. पोचलो तर मॅक्लॅरेन्स अर्थातच नाही. दुकानं, दिवे, शनिवारची वर्दळ.

‘नक्की इथेच?’ तिने विचारलं.

‘इथेच,’ आम्ही चौघं एकदम म्हणालो. मग जवळच पिझ्झा घेतला आणि कोपऱ्यावर उभ्यानेच खाल्ला. घरी जायची घाई कुणालाच नव्हती.